पानक, अर्क आणि पंच

म्हैसूर जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, कोडगूच्या डोंगराळ मुलुखाच्या उंबरठ्यावर, बेट्टदपुर नावाचे एक गाव आहे. कन्नड भाषेत ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर. डोंगराचे गाव ते बेट्टदपुर. डोंगराच्या माथ्यावर मल्लिकार्जुनाचे पुरातन देवालय आहे आणि पायथ्याशी संकेती ब्राह्मणांची जुनी वस्ती आहे. पश्चिमेकडच्या घाटात मिरी आणि वेलदोडा पिकतो. पूर्वेकडच्या सपाटीवर ऊस आणि नारळ. कर्नाटकात रामनवमीच्या दिवशी जे पानक वाटतात, त्यातील जिनसा या टापूत दूर कोठे शोधाव्या लागत नाहीत. गूळ पाण्यात विरघळवावा, त्यात लिंबू पिळावे, सुंठ, मिरी आणि वेलदोडा कुटून घालावा, की पानक सिद्ध झाले. मराठी घरातील पन्हे हे नावाने आणि गुणाने त्याच पानकाचे भावंड होय. संस्कृत ‘पानक’ शब्दाचेच ते मराठी रूप आहे.

या निरुपद्रवी पेयाचे एक दुसरे भावंडही आहे. ते मात्र देवळात वाटले गेले नाही. ते गोव्याच्या भट्टीपासून मुंबईच्या खाणावळीत गेले, तेथून गलबतावर चढले, आणि लंडनच्या श्रीमंत मेजवान्यांत चांदीच्या पात्रांतून मिरवले. त्याचे नाव पंच. मद्य, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला यांच्या मिश्रणाचे हे पेय जगभरच्या मिश्र मद्यांचे पूर्वज मानले जाते. त्याची कथा ही केवळ चैनीची कथा नाही. एका देशातील लोकांच्या हातची विद्या दुसऱ्या देशाची शोभा कशी होते, आणि त्याच विद्येचे मूळ धनी पुढे गुन्हेगार कसे ठरतात, याचीही ती कथा आहे.

बेट्टदपुरापासून फार दूर नाही अशा कावेरीकाठच्या रुद्रपट्टण गावी 1868 साली आर. शामशास्त्री यांचा जन्म झाला. पुढे म्हैसूरच्या सरकारी प्राच्य ग्रंथालयात ते ग्रंथपाल असताना, 1905 साली, तंजावर भागातील एका पंडिताने आणून दिलेल्या ताडपत्रांत त्यांना कौटिल्याचे अर्थशास्त्र आढळले. 1909 साली त्यांनी मूळ संहिता छापली व 1915 साली तिचे इंग्रजी भाषांतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. राजनीतीच्या अभ्यासकांना त्या ग्रंथाने जे दिले ते सर्वश्रुत आहे. परंतु त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचे एक प्रकरण आहे, आणि मद्याच्या इतिहासाच्या दृष्टीने ते अमोल आहे.

कौटिल्याने मद्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु. त्यांपैकी मैरेयाची कृती विशेष पाहण्याजोगी आहे. मेषशृंगीच्या सालीचा काढा करावा, त्यात गूळ घालावा, आणि पिंपळी व मिरी यांचा मसाला द्यावा, किंवा त्रिफळा घालावी. गूळ, मिरी आणि पिंपळी! घाटातल्या पानकाचा आणि राजसभेतल्या मैरेयाचा मसाला किती जवळचा आहे, हे यावरून ध्यानात येते. फरक एवढाच की, पानक ताजे प्यावयाचे आणि मैरेय आंबवून ठेवावयाचे.

या प्रकरणात दुसरीही एक महत्त्वाची नोंद आहे. मद्य गाळणे व विकणे यांवर राजाची सक्त देखरेख असावी, असे कौटिल्याचे मत होते. तथापि गृहस्थांना मंगल कार्यासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मोकळीक त्याने दिली आहे. उत्सव, मेळे आणि यात्रा यांच्या प्रसंगी चार दिवस सुरा करण्याची परवानगी असे. म्हणजे घरगुती मद्य हा त्या काळी लपूनछपून करावयाचा उद्योग नव्हता. त्याला प्रसंगाची आणि दिवसांची मर्यादा होती, परंतु त्या मर्यादेच्या आत त्याला मानही होता.

ऋतूची मर्यादा वैद्यांनी घालून दिली. चरकाने आसवांचे 84 प्रकार गणले आहेत. धान्य, फळ, मूळ, सार, फूल, कांड, पान, साल आणि साखर या नऊ उगमस्थानांवरून त्याने त्यांची विभागणी केली. वैद्यांच्या आसवारिष्टांत धायटीची फुले घालतात, आणि सुंठ, मिरी, पिंपळी, वेलदोडा, दालचिनी यांची पूड प्रक्षेप म्हणून टाकतात. ही रीत आजही चालू आहे. परंतु मद्य केव्हा प्यावे आणि केव्हा पिऊ नये, याविषयी हे शास्त्र अतिशय स्पष्ट आहे. वाग्भटाने हेमंतात सुरेला अनुज्ञा दिली. शरदात मात्र तीक्ष्ण मद्य वर्ज्य सांगितले. पावसाळ्यात साठलेले पित्त शरदाच्या उन्हात उसळते, म्हणून या दिवसांत दही, तेल, ऊन आणि तीक्ष्ण मद्य टाळावे, असा त्याचा उपदेश आहे. शरदाचे खरे पेय त्याने सांगितले ते हंसोदक. दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवविलेले आणि अगस्त्याच्या उदयाने निर्मळ झालेले ते पाणी. कोजागरीच्या रात्री चांदण्यात दूध आटवून त्यात केशर, वेलदोडा आणि जायफळ घालण्याची महाराष्ट्राची चाल याच्याशी मिळतीजुळती आहे.

जायफळाची ही आठवण ठेवून पुढे जावे. कारण तेच जायफळ सतराव्या शतकात एका निराळ्याच पेल्यावर किसलेले दिसते.

आंबवलेल्या मद्यापासून अर्क काढणे ही पुढली पायरी. ‘अर्क’ हा मराठीत सत्त्व या अर्थी रुळलेला शब्द अरबी ‘अरक’पासून आला. त्याचा मूळ अर्थ घाम. भांड्याच्या आतून वाफ निघावी, ती निवावी आणि थेंबाथेंबाने ठिबकावी, हे दृश्य पाहून ज्याने हे नाव दिले त्याची दृष्टी मोठी मार्मिक म्हटली पाहिजे. 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने माडाच्या सुरेची आणि तिच्यापासून काढलेल्या अर्काची माहिती दिली आहे. पहिल्या धारेच्या उत्तम अर्काला ‘फूल’ म्हणत, असे तो नोंदवतो. काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात अमेरिकेतून आणले खरे. पण ज्या गोवा-अर्काची कीर्ती त्या काळी समुद्रापार गेली, तो माडाचा होता. झाडावर चढणारा रेंदेर, मातीचे भांडे, मातीने लिंपलेली सांध, आणि खाली मंद जाळ, एवढ्या साधनांवर तो निघे. काजूची फेणी लोकप्रिय झाली ती मागाहून.

पंच या नावाचा जुन्यातला जुना लेखी उल्लेख एका पत्रात सापडतो. 28 सप्टेंबर 1632 या दिवशी रॉबर्ट ॲडम्स नावाच्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील इंग्रजाने, पूर्व किनाऱ्यावरील पेट्टापोली येथील वखारीत असलेल्या टॉमस कॉली या मित्राला ते लिहिले. सर्वांनी मिळून गुण्यागोविंदाने राहावे आणि पंच प्यावे, अशा आशयाचा निरोप त्यात आहे. वाग्भटाने तीक्ष्ण मद्य वर्ज्य केले तोच शरद ऋतू त्या वेळी चालू होता. पण परक्या मुलुखातील एकाकी तरुणाला वाग्भट कोणी सांगावा?

त्यानंतर सहाच वर्षांनी, 1638 साली, मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी सुरतेस आला. इंग्रजांच्या वखारीत मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांचे एक पेय पितात, असे त्याने लिहून ठेवले. फ्रेंच वैद्य बर्निए याने 1660 नंतरच्या दशकात बंगालमधील अशाच पेयाचे वर्णन केले. काळ्या गुळाचा अर्क, लिंबाचा रस, पाणी, आणि वरून किसलेले जायफळ. चवीला ते बरे, पण देहाला घातक, असा इशाराही त्याने दिला. इंग्रज आणि डच लोक बंगालमध्ये भराभर मरत, आणि त्याचे एक कारण हे पेय आहे, असे त्याचे निदान होते.

गोव्याशी या पेयाची गाठ पक्की घालणारा साक्षीदार म्हणजे जॉन फ्रायर. हा इंग्रज वैद्य 1673 साली हिंदुस्थानात उतरला. शिवछत्रपतींच्या काळातील पश्चिम किनारा त्याने डोळ्यांनी पाहिला, पुढे तो जुन्नरलाही जाऊन आला. 1698 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात बारदेशातील नेरूळ गावाचा उल्लेख आहे. उत्तमातला उत्तम गोवा-अर्क तेथे होतो, आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्याचेच आपले शक्तिपात करणारे पेय बनवितात, असे तो सांगतो. त्या पेयाला ‘पाँच’ म्हणतात, कारण हिंदुस्थानी भाषेत त्याचा अर्थ पाच आणि त्यात जिनसा पाच, हा खुलासाही त्याचाच.

या व्युत्पत्तीवर विद्वानांनी पुढे पुष्कळ वाद घातला. मांडेल्स्लो आणि बर्निए यांच्या यादीत जिनसा चारच आहेत. मग पाच हे नाव कसे, असा एक आक्षेप आहे. इंग्रज खलाशी मद्याच्या मोठ्या पिंपाला ‘पंचन’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले असावे, असे दुसरा पक्ष म्हणतो. निर्णायक पुरावा कोणत्याच बाजूला नाही. तरीही या देशाची एक सवय येथे विचारात घेतली पाहिजे. मिश्रणाला त्यातील घटकांच्या संख्येवरून नाव देणे, ही आपल्याकडची जुनी चाल आहे. दूध, दही, तूप, मध आणि साखर यांचे पंचामृत, सुंठ, मिरी, पिंपळी यांचे त्रिकटु, हिरडा, बेहडा, आवळकाठी यांची त्रिफळा, वैद्यांचे पंचकोल. फ्रायरला हा खुलासा ज्याने कोणी केला असेल, तो या सवयीत वाढलेला असला पाहिजे. शिवाय सुट्या ‘पाच’ शब्दात स्वर दीर्घ असला तरी सामासिक ‘पंच’मध्ये तो ऱ्हस्व होतो, आणि इंग्रजी उच्चाराला हेच रूप अधिक जवळचे आहे. एवढ्याने वाद मिटत नाही. पण शब्द आपला नसेल असे मानले, तरी पेयाचा सांगाडा कोणाचा, हा प्रश्न उरतोच. गोड, आंबट, पाणी आणि मसाला हे चार घटक घाटावरच्या पानकात आहेतच. त्यात पाचवा अर्क पडला की पंच होतो.

मुंबईत तर या पेयाने राज्यकारभारातच प्रवेश केला. 1694 सालचा मुंबई सरकारचा एक आदेश उपलब्ध आहे. त्यात असे ठरविले होते की, खाणावळीत पंच पिण्यासाठी येणाऱ्या गिऱ्हाइकाने एक क्वार्ट, म्हणजे सुमारे एक लिटर, चांगला गोवा-अर्क, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचा चांगला रस मागून घ्यावा आणि आपला पंच आपण करावा. रसापेक्षा अर्क चौपट, असे हे प्रमाण आहे. पाण्याचा आणि मसाल्याचा आदेशात उल्लेख नाही. ते पिणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले दिसते. आणखी गमतीचा भाग पुढे आहे. ज्या वाडग्यावर बाजाराच्या कारकुनाची मोहर नसेल, तो वाडगा गिऱ्हाइकाने खुशाल फोडावा. वाडग्याचेही पैसे देऊ नयेत आणि पंचाचेही देऊ नयेत.

या आदेशाकडे केवळ गंमत म्हणून पाहणे बरोबर होणार नाही. मापात खोट आणि मालात भेसळ असल्याशिवाय असा हुकूम निघत नसतो. आपल्या डोळ्यांदेखत, मोहोरबंद वाडग्यात, ठरल्या मापाने मिश्रण होऊ द्या, हा त्या काळच्या ग्राहकाचा हक्क होता. मुंबईची हवा त्या दिवसांत परदेशी माणसाला भयंकर घातक होती. 1689 साली आलेल्या ओव्हिंग्टन पाद्रीने नोंदवले आहे की, येथे येणाऱ्या इंग्रजाचे आयुष्य दोन पावसाळ्यांपुरतेच असते, अशी म्हणच पडली होती. अशा शहरात लिंबू आणि जायफळ यांच्या आड अर्काचा दोष झाकला जाणे किती सोपे होते, हे उघड आहे. मसाला जसा चांगल्या मद्याला खुलवितो, तसा वाईट मद्याला लपवितोही. मिश्र पेयांच्या साऱ्या इतिहासात हा दुटप्पीपणा सोबत चालत आलेला आहे.

अठराव्या शतकात गोव्याचा अर्क लंडनच्या बाजारात नावाने विकला जाऊ लागला. 1731 साली जेम्स ॲशली याने लंडनमध्ये लडगेट हिल येथे खास पंचासाठी दुकान थाटले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांनी बाटाव्हियाचा अर्क नेला आणि स्वीडनमध्ये ‘पुन्श’ हे राष्ट्रीय पेयच होऊन बसले. पुढे घाईचा काळ आला. मोठे वाडगे मागे पडले आणि एकेका पेल्यापुरते मिश्रण करण्याची रीत सुरू झाली. 1806 साली न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील एका वृत्तपत्राने ‘कॉकटेल’ या शब्दाचा अर्थ छापला: मद्य, साखर, पाणी आणि कडू द्रव्य. यातील कडू द्रव्य म्हणजे मुळ्या, साली आणि मसाले मद्यात भिजवून काढलेला अर्क होय. आपल्या अरिष्टांच्या ओळखीच्या माणसाला त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

पंच असा जगभर मिरवत असताना, त्याच्या जन्मभूमीत काय घडले? 1878 साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला. गावोगावच्या भट्ट्या बंद करून मद्य गाळण्याचे काम थोड्या परवानाधारक कारखान्यांकडे सोपविण्याचे धोरण त्याने दृढ केले. माडाच्या आणि ताडाच्या झाडांवर जबर कर बसला, आणि कोकणातील भंडाऱ्यांच्या पिढीजात धंद्यावर कुऱ्हाड पडली. 1892 साली मोहाच्या फुलांविषयीचा कायदा आला. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत ही फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावरच त्याने बंधने घातली. जंगलातील वारली आणि कातकरी यांना मोहाचे फूल केवळ मद्यासाठी लागत नसे. टंचाईच्या दिवसांत ते त्यांचे अन्न होते. कौटिल्यानेही कर घेतला आणि पहारे बसविले. परंतु गृहस्थाचा मंगल कार्याचा घडा त्याने त्याच्यापाशी राहू दिला. एकोणिसाव्या शतकातील राज्याने महसुलासाठी तोही काढून घेतला.

स्वातंत्र्यानंतर 1949 साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. त्यामागे महसुलाचा लोभ नव्हता. गोरगरिबांचे संसार वाचावेत ही तळमळ होती, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे महाराष्ट्रातील प्रत्येक गावाने पाहिली आहेत. परंतु चोरट्या भट्टीचे विषही याच मार्गाने आले. जून 2015 मध्ये मुंबईतील मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. ती सारी कष्टकरी वस्तीतील होती. त्यांच्या पेल्यावर कोणाची मोहर नव्हती, आणि वाडगा फोडण्याचा हक्क त्यांना कोणी दिला नव्हता. घरी अर्क गाळणे हा आज गुन्हा आहे, आणि त्यातील धोका पाहता तो असणेही समजण्यासारखे आहे.

गोव्यात इतिहासाने थोडे निराळे वळण घेतले. तेथील भट्ट्या टिकल्या. 2009 साली काजूच्या फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि 2016 साली गोवा सरकारने फेणीला वारशाच्या पेयाचा दर्जा दिला. 2017 पासून तेथे लहान प्रमाणावर जिन गाळण्याचे कारखाने निघाले. धने, आले, वेलदोडा, हळद यांचा ते उपयोग करतात. त्यांपैकी एका जिनला ‘हपुषा’ हे नाव आहे. जिनला जिच्यामुळे वास येतो त्या हिमालयी फळाचे हे आयुर्वेदातील नाव होय. घरी पाहुण्यांसाठी मिश्र पेय करणारा आजचा सुखवस्तू गृहस्थ लिंबू पिळतो, गुळाचा पाक घालतो, वर जायफळ किसतो, आणि ही नवी पाश्चात्त्य कला आपण शिकलो असे समजतो. बर्निएने नोंदविलेले मिश्रण तो जवळजवळ जसेच्या तसे करीत असतो.

या साऱ्या प्रवासात एक गोष्ट स्थिर राहिली, ती म्हणजे प्रमाणाची जाण. कौटिल्याने दिवस मोजले, वाग्भटाने ऋतू मोजले, मुंबईच्या आदेशाने माप आणि मोहर मोजली. जेथे हे मोजमाप सुटले तेथे बर्निएचा इशारा खरा ठरला, मग तो वखारीतला साहेब असो की मालवणीतला मजूर. आणि दुसरी गोष्ट श्रेयाची. नेरूळच्या ज्या रेंदेराने माडावर चढून सूर उतरविली आणि ज्याने भट्टीशी रात्र जागून धार राखली, त्याचे नाव कोणत्याही प्रवासवर्णनात नाही. लंडनच्या चांदीच्या पात्रांवर कारागिरांच्या मुद्रा आहेत. त्या माणसाची मुद्रा कोठेच नाही. असलीच तर ती त्या पेयाच्या नावात आहे, आणि त्याविषयीही अजून वाद आहे.

बेट्टदपुराच्या मुलुखात मात्र दर रामनवमीला गूळ, लिंबू, सुंठ, मिरी आणि वेलदोडा यांचे पानक होते. उन्हातून आलेल्या वाटसरूला ते फुकट मिळते, आणि त्याच्या वाडग्यावर मोहर आहे की नाही हे कोणी पाहत नाही.